कॉलेजला जाणारी सायकल आम्ही जोडली

आज पापड नाही, शेळीपालन नाही, बँकेचं पासबुकही नाही. आज सायकल आहे. हसू नका. आमच्या गटाच्या अकरा बायकांनी चिंचेखाली बसून एक जुनी सायकल जोडली. पहिल्यांदा चुकीची जोडली, आणि त्यापायी एका पोरीच्या हनुवटीला चार टाके पडले. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

गेल्या जूनची गोष्ट. गटातल्या एका ताईंची मुलगी दहावी झाली आणि तालुक्याच्या कॉलेजात तिचा अकरावीला नंबर लागला. कॉलेज गावापासून आठ किलोमीटर. ते भरतं सकाळी साडेसातला आणि आमची एसटी येते सव्वानऊला. वडापच्या जीपमध्ये पोरीला एकटी पाठवायला घरचे तयार नव्हते, आणि रोजचे जाण्यायेण्याचे पैसे कुठून आणायचे हाही प्रश्न होताच. घरात दुसरीच बोलणी सुरू झाली होती. कसली, ते तुम्हाला सांगायला नको.

त्याच वेळी कळलं की एका वहिनींच्या पुतण्याची सायकल गोठ्यात पडून आहे. पुतण्या पुण्याला कामाला लागला आणि त्याच्या गिअरच्या सायकलीवर कोंबड्या बसायला लागल्या. वहिनी म्हणाल्या, न्या, फुकट न्या, गोठ्यातली जागा तरी मोकळी होईल. सायकल फुकट मिळाली, पण तिला उभी करायला ३,००० रुपये लागणार होते. ते गटातून कर्जाऊ द्यायचे की नाही यावर त्या सोमवारी जी बैठक झाली ती रात्री दहापर्यंत चालली. गटातल्या मोठ्या आजी म्हणाल्या, "म्हशीला कर्ज दिलं तर म्हैस दूध देती. सायकल काय देती?" प्रश्न खोटा नव्हता. गटाचा पैसा आपल्या घामाचा असतो. शेवटी दहा हप्ते ठरले, ३०० चा एक. व्याज शेकडा दोनऐवजी महिना शेकडा एक. आणि मजुरी वाचवायला जोडणी आपण करायची. तालुक्याला एक सायकलवाले काका आहेत, त्यांनी दोन रविवार येऊन शिकवायचं कबूल केलं. फी काय, तर दोन वेळचं जेवण आणि जाताना शेवयांची पिशवी.

आता ही सायकल कसली, ते सांगतो. पोरं हिला शॉकअपची सायकल म्हणतात. काकांनी तिचं खरं नाव सांगितलं, हार्डटेल. म्हणजे पुढच्या चिमट्याला शॉकअप आहेत, पण मागचा भाग एकसंध कडक सांगाडा. दुसरी एक जात असते, तिला मागेही स्प्रिंग असते. दुकानात ती ऐटदार दिसते, पण स्वस्तातली मागची स्प्रिंग म्हणजे निव्वळ ओझं. आपण पायाने जोर लावतो तो चाकाला जायच्या आधी थोडा स्प्रिंगच खाते आणि सायकल खालीवर डुलत राहते. रोज डांबरी रस्त्याने जाणाऱ्या पोरीला तिचा उपयोग नाही. सायकल घ्यायला गेलात आणि पोरगं मागच्या स्प्रिंगसाठी हट्ट धरून बसलं, तर ऐकू नका.

जुनी सायकल घेताना आधी सांगाडा बघायचा. रंग गेलेला चालतो, तडा गेलेला चालत नाही. हँडलच्या खाली आणि पायडलच्या वर जिथे नळ्या जोडलेल्या असतात, तिथे फडक्याने पुसून नीट बघायचं. केसासारखी रेघ दिसली तर ती सायकल भंगारातच द्यायची. मग पोरीला दोन्ही पाय टेकवून दांडीच्या वर उभं करायचं. दांडी आणि अंग यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. आमची पोरगी पाच फूट एक इंच. सायकल २६ इंची चाकांची आणि लहान सांगाड्याची, त्यामुळे बसली.

दांडीवरून मात्र कुजबुज झालीच. लेडीज सायकल नाही, पोरीच्या जातीने टांग टाकून बसायचं का? मोठ्या आजींचा नातू बी.एड. करतो, त्याने पुदुकोट्टईची हकीकत सांगितली. तामिळनाडूतल्या त्या जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमाराला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या. लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली चालवल्या, आणि दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून ह्याच बऱ्या, असंही त्यातल्या काहीजणी म्हणाल्या. आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "मग आपल्या दांडीला काय सोनं लागलंय?" दांडीचा विषय तिथेच संपला.

पहिला घोळ टायरचा झाला. जुने टायर विटले होते, तडकले होते. आमच्यातल्या दोघी बाजारात गेल्या आणि २६ चे टायर द्या म्हणून घेऊन आल्या. एक टायर रिमवर चढवला तर मोठ्या मापाची बांगडी हातात घातल्यासारखा लोंबायला लागला. हवा भरली तशी ट्यूब बाजूने बाहेर आली आणि फाटकन फुटली. बाजूला बांधलेली शेळी दावं तोडून पळाली.

काकांनी समजावलं. २६ लिहिलेले सगळे टायर एका मापाचे नसतात. साध्या लेडीज सायकलच्या टायरवर २६ च्या पुढे बहुधा अपूर्णांक असतो, १ ३/८ असा. गिअरवाल्या सायकलच्या टायरवर दशांश असतो, १.७५ किंवा १.९५ असा. अपूर्णांकाचा टायर दशांशाच्या रिमवर बसत नाही. त्याहून पक्की खूण म्हणजे टायरच्या कडेला बारीक अक्षरात असणारा तीन आकडी नंबर. गिअरवाल्या २६ इंची सायकलला तो ५५९ असतो आणि त्या १ ३/८ वाल्या टायरला ५९०. हे मिलिमीटर आहेत, रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. दोघांत ३१ मिलिमीटरचा फरक. दुकानात जाताना जुना टायरच खांद्यावर टाकून न्या म्हणजे बोलायचं कामच नाही. ब्लाउजच्या मापाला आपण जुना ब्लाउज नेतोच की.

नक्षीचा प्रश्न त्याच्या पुढचा. जुन्या टायरवर मोठेमोठे खिळ्यासारखे गोळे होते. ते डोंगरातल्या मातीसाठी. डांबरावर ते घरघर आवाज करतात आणि पायातली ताकद खातात. डांबरी रस्त्याला गुळगुळीत टायर चांगला. पाण्यात घसरेल असं वाटतं, पण सायकलचा टायर एवढा अरुंद असतो की पाणी बाजूला सारून तो रस्त्याला लागतो. नक्षी मोटारीला लागते. पण आमच्या आठ किलोमीटरमधला पहिला किलोमीटर पांदण आहे, काळ्या रानातली. जूनमध्ये त्या मातीत बैलाचा पाय रुततो. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. १.७५ चा असा टायर घेतला, ज्याची मधली पट्टी गुळगुळीत आणि दोन्ही कडांना थोडे गोळे. डांबरावर मधली पट्टी चालते, चिखलात कडा धरतात.

काळ्या मातीची आणखी एक गोष्ट शहरातल्या दुकानदाराला ठाऊक नसते. ती टायरला चिकटते आणि मडगार्डच्या खाली थापली जाते. चार पावलांत चाक जाम. मडगार्ड टायरला घासून बसवला तर पावसाळ्यात सायकल डोक्यावर घ्यायची वेळ येते. आम्ही बाजूच्या पट्ट्या वाकवून वर पूर्ण दोन बोटांची फट ठेवली. मडगार्डच काढून टाका असंही एकीने सुचवलं होतं. मग कॉलेजच्या ड्रेसच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ उठली असती.

आणि काटे. बाभळीचा काटा आणि सराटा यांना कुठलाच टायर मोठा नाही. जुनी ट्यूब उभी कापून नव्या ट्यूबच्या आणि टायरच्या मध्ये पट्टी म्हणून घातली. वजन थोडं वाढतं, पण पंक्चर बरेच कमी होतात. पंक्चर काढल्यावर एक काम विसरू नका. टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा शोधा. तो आतच राहिला तर नवी ट्यूबही दुसऱ्या वळणाला बसते. हवेचा आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो, आमच्या टायरवर ४० ते ६५ आहे. पोरगी हलकी म्हणून आम्ही ४५ ठेवतो, पुढच्याला थोडी कमी. पंपाला काटा नसेल तर अंगठ्याने दाबून बघायचं. कच्च्या पेरूसारखा लागला तर ठीक, पिकल्या पेरूसारखा लागला तर हवा भरा.

गिअरचं थोडक्यात सांगतो. पुढे तीन चकत्या होत्या आणि त्यांचा खटका तुटलेला. काका म्हणाले, पुढे मधलीच एक ठेवा, मागचे सात राहू द्या, जेवढं कमी तेवढं कमी बिघडेल. पटलं. मागच्या गिअरच्या यंत्राला दोन छोटे स्क्रू असतात, एच आणि एल. एल ढिला राहिला तर साखळी सर्वांत मोठ्या चकतीवरून उतरून तारांमध्ये जाते आणि चाक मोडते. तो फिरवण्याआधी चाक वर करून हाताने पायडल फिरवा आणि साखळी कुठे थांबते ते बघा. शॉकअपचा एक पाय गंजला होता, तो रॉकेलने धुऊन ग्रीस भरल्यावर हलायला लागला. वरची गोल चावी घट्ट करून ठेवली, म्हणजे डांबरावर फार डुलत नाही. मोकळा झाला नसता तर साधा चिमटा बसवणार होतो, त्यात सायकल हलकीच झाली असती. शॉकअप ही निम्मी शान आहे, असं आमचं मत झालं.

पायडलने मात्र आमचा घाम काढला. डावं पायडल निघेना. दोघी पान्यावर उभ्या राहिल्या, तिसरी हातोडी शोधायला गेली. काका येईपर्यंत आम्ही ते आणखीच आवळून ठेवलं होतं! डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, पाना पायडलच्या वरच्या बाजूला धरला की दोन्हीकडची पायडलं पुढच्या चाकाकडे आवळतात आणि मागच्या चाकाकडे सुटतात. चाकाचा आउट काढायलाही त्या दिवशीच शिकलो. चाक उजवीकडे घासत असेल तर त्या जागच्या डाव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळायच्या, उजव्या पाव फेरा ढिल्या करायच्या, पुन्हा फिरवून बघायचं. पाव म्हणजे पावच. हे काम घाईच्या बाईचं नव्हे. आमच्यात ते सर्वांत छान कुणाला जमलं? रांगोळी काढणाऱ्या काकूंना.

आता ब्रेक.

पहिल्या रविवारी संध्याकाळी अंधार पडायला लागला होता. नव्या वायरी घातल्या, ब्रेकचे रबर बसवले, पोरीने अंगणात दोन चकरा मारल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका आधीच एसटीने गेले होते. ब्रेकची वायर जिथे छोट्या बोल्टखाली दाबतात, तो बोल्ट आम्ही झिजलेल्या पान्याने आवळला होता. पाना घसरत होता. घसरतोय म्हणजे आवळला गेला, असं आम्हाला वाटलं. आणि पुढच्या ब्रेकचा एक रबर रिमच्या वर, टायरला घासत होता, ते कुणी वाकून बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या उतारावर पोरीने ब्रेक दाबला. मागची वायर बोल्टमधून सटकली. पुढचा रबर टायरवर घसरला. पुढे शेळ्यांचा कळप होता, त्यांना वाचवायला तिने हँडल वळवलं आणि ती फरशीवर पडली. दवाखान्यात हनुवटीला चार टाके घातले. तिच्या वडिलांनी सायकल स्वतः ढकलत नेऊन गोठ्यात टाकली. आम्ही गेलो तर एवढंच म्हणाले, "पोरीचं तोंड आहे ते."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? चूक आमची होती, ती आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून कबूल केली. पोरगी आतून आली, हनुवटीला पट्टी, बोलता येत नव्हतं धड. म्हणाली, "ब्रेक कसा लावायचा ते मला शिकवा. दुसऱ्याने लावलेला मला नको." वडील उठून शेताकडे गेले. नाही म्हणाले नाहीत.

म्हणून हे नीट ऐका. रबर दोन्ही बाजूंनी रिमवरच टेकला पाहिजे. टायरला लागता कामा नये आणि रिमच्या खालीही उतरता कामा नये. टायरला लागला तर टायर कापतो, खाली उतरला तर तारांत जातो. वायर दाबणारा बोल्ट योग्य मापाच्या पान्यानेच आवळायचा. पाना घसरत असेल तर थांबा, दुसरा आणा. मग सायकल उभी ठेवून दोन्ही मुठी जीव खाऊन दहा वेळा दाबा. काही सटकायचं असेल तर ते अंगणात सटकू दे. मूठ पूर्ण दाबल्यावर मूठ आणि हँडल यांच्यात दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. नवी वायर आठवड्याभरात थोडी बसते, तेव्हा पुन्हा ताणून घ्यावी लागते.

कुठल्या हाताला कुठला ब्रेक तेही पोरीला तोंडपाठ हवं. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा असतो, तरी प्रत्येक सायकलला दाबून बघा. ब्रेक लावला की सगळा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये जास्त. पण तो एकटा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून जातो. दोन्ही मिळून, हळूहळू दाब वाढवत लावायचे. पावसात रिम ओला असतो, पहिले एक-दोन फेरे रबर पकडतच नाही. उतार लागायच्या आधीच ब्रेक हलका टेकवून रिमचं पाणी पुसून घ्यायचं.

सीटबद्दल बायकांची एक समजूत आहे, दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत. मग सीट इतकी खाली येते की गुडघे छातीला लागतात, आणि आठवड्यात पोरगी म्हणते माझे गुडघे दुखतात, मी जात नाही. खरं माप असं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल सर्वांत खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर येतो आणि गुडघा जरासा वाकलेला राहतो. थांबताना सीटवरून पुढे दांडीवर उतरायचं. भीती वाटते, खरं आहे. आम्ही आधी सीट खाली ठेवली आणि दर दोन-तीन दिवसांनी एक बोट वर घेतली. दुसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, आणखी थोडी वर करा. सीटच्या नळीवर एक रेघ असते, ती बाहेर दिसायला लागली की थांबायचं, त्याच्या वर नळी मोडते.

ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारायची, मोकळं टोक मागच्या चाकात जातं. उजव्या पायाची सलवार रबरबँडने बांधायची. हिवाळ्यात साडेसहाला अंधार असतो, तेव्हा मागे लाल चकाकी आणि पुढे बॅटरी. तुमच्या तालुक्यात मानव विकास कार्यक्रम असेल तर आठवी ते बारावीच्या गरजू मुलींच्या सायकलीसाठी मदत असते, शाळेत विचारा. पण सायकल नवी असली तरी पहिल्या दिवशी हे ब्रेक आणि बोल्ट बघितल्याशिवाय पोरीला बसवू नका. घाईत जोडलेल्या नव्या सायकलीही आम्ही बघितल्या आहेत.

पोरगी टाके निघाल्यावर बाराव्या दिवशी कॉलेजला गेली. पहिल्या दिवशी वडील मोटरसायकलवर मागे मागे होते, ओढ्याच्या उतारापर्यंत. तिथे थांबले, ती पलीकडे चढून गेलेली बघितली आणि वळले. हनुवटीवर वण राहिला आहे. परवाच्या सोमवारी सातवा हप्ता आला, व्याजासकट. मोठ्या आजींनी नोटा दोनदा मोजल्या, वहीत लिहून घेतल्या आणि विचारलं, "पुढल्या महिन्यात अजून कोणाची सायकल हाय का?"

तीन आहेत. दोन पोरींच्या, आणि एक आमच्या आशाताईंची, म्हणजे आरोग्याचं काम करतात त्या. शनिवारी दुपारी चारनंतर आम्ही चिंचेखाली बसतो. सायकल घेऊन या, तिचा जुना टायरही आणा. आणि लुगड्याचा एखादा धडपा असू द्या, हाताचं ग्रीस पुसायला लागतो.